कुशींतली कळ

मुतखड्याची कळ ज्यानें एकदां सोसली आहे त्याला तिचें वर्णन सांगावें लागत नाहीं, आणि ज्यानें सोसलेली नाहीं त्याला तें कितीही सांगितलें तरी खरें वाटत नाहीं. संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून हिशेब लिहिणारा धडधाकट मनुष्य मध्यरात्रीं जमिनीवर लोळूं लागतो, घामानें भिजतो, ओकतो आणि क्षणाक्षणाला कूस बदलतो. घरांतील माणसें दिवे लावून भोंवतीं उभीं राहतात आणि सल्ल्यांना ऊत येतो. कोणी म्हणतें वात धरला, कोणी म्हणतें रात्रीच्या वालांच्या उसळीनें पोट फुगलें; कोणी हिंग उगाळतें, कोणी शेकाची पिशवी भरतें. पहांटे कळ ओसरते, मनुष्य झोपीं जातो, आणि सकाळीं सर्वांना वाटतें कीं दुखणें गेलें. आज या सदरांत जें सांगावयाचें आहे तें ह्या 'गेलें' या शब्दाविषयीं आहे.

प्रस्तुत लेखक पेशानें शिक्षक आहे, वैद्य नव्हे. औषधाची मात्रा सांगण्याचा त्याला अधिकार नाहीं आणि तो ती सांगणारही नाहीं. परंतु कोणतें दुखणें सकाळपर्यंत घरीं ठेवतां येईल आणि कोणतें त्याच रात्रीं इस्पितळांत न्यावें, एवढा विवेक प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या ठिकाणीं असावयास हवा. आणि तो शिकण्यासारखा आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं अशा कळेला शूल हें नांव दिलें. शूल म्हणजे सूळ, टोंकदार आयुध. नांव ठेवणाऱ्यानें दुखणें जवळून पाहिलें होतें यांत शंका नाहीं. सुश्रुतसंहितेंत अश्मरीला निदानस्थानाचा एक आणि चिकित्सास्थानाचा एक असे दोन स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. त्यांत एक फार सुरेख दृष्टांत आहे. स्वच्छ पाणी नव्या घड्यांत भरून ठेवलें तरी कांहीं काळानें त्याच्या तळाशीं गाळ बसतो, तशीच ही अश्मरी उत्पन्न होते. आजचें रसायनशास्त्र निराळ्या शब्दांत जवळजवळ हेंच सांगतें: मूत्रांत विरघळलेले क्षार फार झाले अथवा त्यांना विरघळवून ठेवणारें पाणी कमी पडलें, कीं त्यांचे स्फटिक जमतात.

मात्र एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. सुश्रुतानें वर्णिलेली अश्मरी मुख्यतः बस्तींतली, म्हणजे मूत्राशयांतली आहे. आज आपल्या घराघरांतून आढळणारा खडा बहुधा वरच्या मजल्यावरचा असतो. तो मूत्रपिंडांत जन्म घेतो आणि खालीं उतरतांना वाटेंत अडकतो. ग्रंथांतील उपाय जसाच्या तसा उचलून या खड्यास लावणारे हा भेद पाहत नाहींत. शिवाय अश्मरी कोवळी असेपर्यंत औषध, वाढली म्हणजे शस्त्र, असा निवाडा सुश्रुतानेंच दिलेला आहे. शस्त्रक्रिया टाळण्यासाठीं सुश्रुताचें नांव पुढें करणाऱ्या सद्गृहस्थांना, तो स्वतः शस्त्रवैद्य होता याचा विसर पडतो हें नवल आहे.

आतां हा वरचा मजला कसा आहे तें पाहूं. मूत्रपिंडें दोन. पोटाच्या मागच्या अंगास, कण्याच्या दोहों बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला तीं असतात. प्रत्येकाची लांबी सुमारें १० ते १२ सेंटिमीटर. वर यकृत असल्यामुळें उजवें किंचित् खालीं. प्रत्येकांतून एक बारीक नळी निघते, ती मूत्रवाहिनी. ती २५ ते ३० सेंटिमीटर लांब असून आंतून अवघी ३-४ मिलिमीटर रुंद असते, आणि तिच्या वाटेंत तीन ठिकाणें विशेष अरुंद आहेत: मूत्रपिंडांतून ती निघते तें, कमरेंतील मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ती जाते तें, आणि मूत्राशयांत ती शिरते तें. खडा बहुतेक वेळां या तीन नाक्यांपैकीं एकावर अडतो.

लोकांची समजूत अशी कीं खडा टोंचतो म्हणून दुखतें. ही समजूत पुरी खरी नाहीं. खड्यानें वाट अडली म्हणजे मूत्र मागें तुंबतें. मूत्रपिंडाचा आंतला पोकळ भाग व वरचें घट्ट वेष्टन ताणलें जातें, आणि हा ताण दुखतो. त्यावर भर म्हणून अडलेलें मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार करतें. त्यांच्या योगानें तेथला रक्तप्रवाह वाढतो, मूत्र अधिक होतें, आणि तुंबारा आणखी वाढतो. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा नळींत अडकला तर मनुष्य लोळतो, परंतु मूत्रपिंडाची सारी पोकळी भरून टाकणारा शाखायुक्त खडा वर्षानुवर्षें आंत बसून राहिला तरी पुष्कळदां ब्र काढीत नाहीं, याचें कारण हेंच. कळ खड्याच्या आकाराची नसते, तुंबाऱ्याची असते. एवढें एक वाक्य ध्यानांत राहिलें तर पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतील.

कळ कुशींत उठून पुढें जांघेंत उतरते. पुरुषांना ती वृषणांत व स्त्रियांना गुह्यांगाकडे जाणवते. मूत्रपिंडाचे व या भागांचे ज्ञानतंतू मज्जारज्जूच्या एकाच टापूंत येऊन मिळतात, त्यामुळें निरोप कोणाचा हें मेंदूला नीट ओळखतां येत नाहीं. पोटाचे तंतूही या व्यवहारांत सामील असल्यानें मळमळ व ओकारी होते, आणि म्हणूनच बिचाऱ्या वालांच्या उसळीवर आळ येतो. खडा मूत्राशयाच्या तोंडाशीं आला कीं वारंवार लघवीची भावना होते. मनुष्य दहा वेळां उठतो आणि चार थेंब होतात.

ओळखण्याची एक साधी खूण आहे. आंत्रपुच्छ फुटल्यानें किंवा उदरावरणास सूज आल्यानें दुखत असेल तर मनुष्य निश्चल पडून राहतो, कारण जरा हलला कीं दुखतें. मुतखड्याचा रोगी निश्चल राहूंच शकत नाहीं. पाठीच्या स्नायूंचें दुखणें वांकल्यानें व वळल्यानें वाढतें, आणि योग्य कुशीवर निजल्यानें कमी होतें. मूत्रपिंडाच्या कळेला मनुष्य कसा बसला अथवा निजला याच्याशीं कर्तव्य नसतें. नागीण उठण्यापूर्वीं दोन-चार दिवस कुशीला पट्ट्यासारखी आग होते, तेव्हां कातडीही नीट पाहावी.

परंतु अशा खुणांवर फार विसंबून राहूं नये, कारण तीन दुखणीं या कळेचें सोंग घेऊन येतात आणि तिन्ही घातक आहेत. साठी उलटलेल्या गृहस्थास, विशेषतः तंबाखू ओढण्याची संवय व रक्तदाब असेल तर, आयुष्यांत प्रथमच अशी कळ आली म्हणजे ती मुतखड्याचीच आहे असें समजूं नये. पोटांतील महारोहिणी फुगून झिरपूं लागली तरी असेंच दुखतें, आणि तेथें वेळ घटकांनीं मोजावी लागते. अपत्यवयांतील सुनेच्या अथवा मुलीच्या ओटीपोटांत एका बाजूस कळ आली, पाळी चुकलेली असली, चक्कर येत असली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला नाहीं ना हें आधीं पाहिलें पाहिजे. तिसरें सोंग कुमारवयीन मुलांतलें. वृषणाला पीळ पडला कीं कळ पोटांत व जांघेंत जाणवते. मुलगा लाजेनें 'पोट दुखतें' एवढेंच सांगतो. आणि सुमारें सहा तासांच्या आंत पीळ सोडविला नाहीं तर तो अवयव बहुधा वांचत नाहीं. अशा वेळीं बापानें अगर काकानें मुलास एकांतांत नेऊन स्पष्ट विचारावें. लाजेपेक्षां अवयव मोलाचा आहे.

मुलांची गोष्ट निघाली आहे तेव्हां आणखी एक सांगतों. कांहीं मुलांत मूत्रपिंडाच्या तोंडाशींच जन्मतः वाट अरुंद असते. एरवीं तें चालून जातें. पण उन्हाळ्यांत उसाचा रस अथवा पाणी भरपूर पोटांत गेलें कीं मूत्र एकदम वाढतें, वाट पुरत नाहीं, कुशींत कळ येते, ओकारी होते, आणि कांहीं तासांत सारें शांत होतें. क्राकोचा वैद्य युझेफ डीट्ल यानें १८६४ सालीं अशा येणाऱ्या-जाणाऱ्या कळेचें वर्णन केलें, म्हणून त्याचें नांव तिला मिळालें. ती सरकत्या मूत्रपिंडामुळें होते असें त्याचें मत होतें. मूल दर महिन्या-दोन महिन्यांनीं असें दुखणें सांगतें, मध्यंतरीं खेळतें-बागडतें, आणि घरचे व शाळेंतले लोक मिळून ठरवितात कीं हें गणिताच्या परीक्षेचें दुखणें आहे. परीक्षेचीं दुखणीं असतात, तीं शिक्षकाइतकीं दुसरा कोण जाणणार! परंतु परीक्षेचें दुखणें सुटींत येत नाहीं. सुटींतही येणाऱ्या कळेची सोनोग्राफी करून घ्यावी, आणि शक्य तर ती कळ चालू असतांना करावी. एरवीं फुगवटा दिसत नाहीं.

एकत्र कुटुंबांत दुखणें लपविणारे दोन वर्ग असतात: घरांतले म्हातारे आणि घरांतल्या सुना. म्हाताऱ्यांना डॉक्टरच्या खर्चाची चिंता, सुनांना संकोच. लघवीची तक्रार सासूबाईंना सांगावयाची कशी, हा प्रश्न आजही पुष्कळ सुशिक्षित घरांतून सुटलेला नाहीं. बाहेर सोय नसल्यामुळें दिवसभर पाणी न पिण्याची संवयही त्यांनाच अधिक. लघवीस जळजळ झाली, मग चार दिवसांनीं हुडहुडी भरून ताप आला, आणि एका कुशींत जड, सतत दुखूं लागलें, तर तो मूत्रमार्गांतील जंतूंचा दोष वर मूत्रपिंडापर्यंत चढलेला असतो. ही कळ मुतखड्यासारखी उसळती नसते. ती ठसठसते, आणि पाठीवर शेवटच्या बरगडीखालीं हलकेंच मूठ मारली तरी रोगी दचकतो. गर्भिणीस याचें विशेष भय आहे. वाढत्या गर्भाशयाच्या दाबानें व शरीरांतील बदलांनीं मूत्रवाहिन्या, त्यांतही उजवी, कांहींशी फुगलेली राहते. जंतूंना चढावयास वाट सोपी होते, आणि वेळेआधीं प्रसूति होण्याचा धोका उत्पन्न होतो. गरोदरपणांत लघवीची तपासणी करून घ्यावयास सांगतात ती उगीच नव्हे. सूनबाईंनीं संकोच धरला तर सासूबाईंनींच आपण होऊन विचारावें. यांत मोठेपणा कमी होत नाहीं.

अशा जंतुदोषांत औषध सुरू करण्यापूर्वीं लघवीचा नमुना संवर्धनासाठीं, म्हणजे कल्चरसाठीं, द्यावा लागतो. कोणता जंतु आहे व तो कोणत्या औषधास दबतो हें कळण्यास दोन-तीन दिवस लागतात. डॉक्टर तोंवर अंदाजानें औषध देतात व मग हवें तर बदलतात. आपल्या घरांतून होतें तें याच्या उलट: मागच्या खेपेस नणंदेला दिलेल्या गोळ्यांपैकीं उरलेल्या चार गोळ्या कपाटांतून निघतात, त्या पोटांत जातात, ताप उतरतो, आणि मग नमुन्यांत कांहीं सांपडत नाहीं. रोग मात्र तेथेंच असतो, आणि जंतु त्या औषधास सरावतात.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर सांगितलेली कळ आणि हा ताप, दोन्ही एकत्र आलीं तर? वाट अडलेली आणि अडलेलें मूत्र दूषित झालेलें, अशी ती स्थिति. तुंबलेल्या मूत्रपिंडांत पू होतो व जंतु थेट रक्तांत उतरतात. या स्थितींत नुसत्या जंतुनाशक औषधानें भागत नाहीं. गळवाचें तोंड मोकळें केल्याशिवाय तें बरें होत नाहीं, तसेंच हें. मूत्रवाहिनींत आंतून नळी घालून किंवा पाठींतून सुई घालून तें मूत्र बाहेर काढावेंच लागतें, आणि तें कांहीं तासांत. खडा काढण्याचें काम मग सवडीनें. म्हणून कुशींत कळ व हुडहुडीचा ताप, किंवा कळ व लघवी अजिबात बंद, किंवा ज्यास एकच मूत्रपिंड आहे त्यास कळ, किंवा ओकारीमुळें पाण्याचा घोटही न ठरणें, यांपैकीं कांहींही असलें तर सकाळची वाट पाहूं नये. मधुमेही मनुष्यास तर थोडा तापही पुरे.

इस्पितळांत काय होतें याची थोडी कल्पना असली म्हणजे घरच्यांची घालमेल कमी होते. प्रथम वेदनाशामक, मग तपासण्या. हाच क्रम योग्य आहे, कारण कळ थांबविल्यानें निदान बिघडत नाहीं. लघवींत रक्ताचे कण बहुतेक रोग्यांत सांपडतात, पण सर्वांत सांपडत नाहींत. रक्त नाहीं म्हणून खडा नाहीं असें म्हणतां येत नाहीं. रक्तांतील क्रिएटिनिन पाहिलें म्हणजे मूत्रपिंडांचें काम कसें चाललें आहे तें समजतें. मग सोनोग्राफी. तिला किरणांचा धोका नाहीं, गर्भिणीसही ती करतां येते, आणि मूत्रपिंड फुगलें आहे कीं नाहीं हें ती चांगलें सांगते. मात्र नळीच्या मध्यभागींचा बारीक खडा तिच्या नजरेंतून सुटूं शकतो. खड्याचें स्थान व आकार अचूक दाखविणारी तपासणी म्हणजे साधा, रंगद्रव्य न टोंचतां केलेला सीटी स्कॅन. सर्वांनाच आरंभीं तो हवा असें मात्र नाहीं. अमेरिकेंत १५ इस्पितळांतील २७५९ रोग्यांवर केलेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, प्रथम सोनोग्राफी केलेल्यांचें प्रथम स्कॅन केलेल्यांपेक्षां कांहीं अधिक वाईट झालें नाहीं, असें दिसून आलें. तेव्हां डॉक्टरांनीं सोनोग्राफीवर भागविलें तर त्यांनीं हयगय केली असें समजूं नये, आणि स्कॅन सांगितला तर लुबाडलें असेंही समजूं नये. आपल्या लोकांना या दोहोंपैकीं एक तरी समजल्याशिवाय करमत नाहीं.

वेदनाशामकांपैकीं या कळेवर जीं अधिक उपयोगी पडतात तीं, उदाहरणार्थ डायक्लोफेनॅक, वर सांगितलेल्या प्रोस्टाग्लँडिनांनाच अडवितात; म्हणजे तीं नुसतें दुखणें झांकीत नाहींत, तुंबाऱ्याचा दाबही कमी करतात. हीच औषधें मात्र मूत्रपिंड मुळांत अशक्त असेल, अंगांतलें पाणी कमी झालेलें असेल, रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या चालूं असतील किंवा वय झालेलें असेल, तर मूत्रपिंडाचेंच नुकसान करूं शकतात. गर्भिणीनें तर तीं विचारल्याशिवाय घेऊंच नयेत. एकदां डॉक्टरांनीं दिली म्हणून तीच गोळी डब्यांत ठेवून दर कळेला घेत राहणें हा उपचार नव्हे. आणखी एक समजूत दुरुस्त करावयाची ती ही कीं, कळ चालूं असतां तांब्यावर तांब्या पाणी पाजल्यानें खडा वाहून जातो. वाट बंद असतां वरून लोंढा सोडला तर काय होईल हें पाटाचें पाणी पाहिलेल्या कोणासही समजेल. तहानेपुरतें पाणी प्यावें. भरपूर पाण्याचा काळ कळ शमल्यावर येतो.

पुढें काय, हें खड्याच्या आकारावर व स्थानावर ठरतें. अमेरिकन व युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांनीं मिळून २००७ सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणें, मूत्रवाहिनींतील ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे शंभरांत सुमारें ६८ जणांचे आपोआप पडतात, आणि ५ ते १० मिलिमीटरचे सुमारें ४७ जणांचे. खडा पडण्यास मदत म्हणून टॅम्सुलोसिन नांवाची गोळी देतात. ब्रिटनमध्यें ११६७ रोग्यांवर केलेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत तिचा फायदा दिसला नाहीं. तरी खालच्या टोंकाशीं अडलेल्या थोड्या मोठ्या खड्यास तिचा उपयोग होतो असें पुष्कळ तज्ज्ञ मानतात. वाट किती पाहावयाची? कळ आटोक्यांत, ताप नाहीं, मूत्रपिंड काम करीत आहे, अशा स्थितींत चार ते सहा आठवडे; तोंवर डॉक्टरांच्या नजरेखालीं. त्यापुढें खडा काढावा.

काढण्याच्या रीती आज सोप्या झाल्या आहेत. १९८० सालच्या फेब्रुवारींत म्युनिक येथें प्रथम मनुष्याच्या मूत्रपिंडांतील खडा बाहेरून सोडलेल्या आघातलहरींनीं फोडण्यांत आला. कातडीवर ओरखडाही न उठतां. बारीक दुर्बीण मूत्रमार्गानें वर नेऊन लेसर किरणांनीं खडा फोडणें ही दुसरी रीत, आणि मोठ्या खड्यास पाठींतून लहानसें छिद्र पाडून दुर्बिणीनें काढणें ही तिसरी. सुश्रुताच्या काळीं शस्त्र न केल्यास मृत्यु निश्चित आणि केल्यास जीव संशयांत, अशी स्थिति होती. आज शस्त्रक्रियेचें भय फारसें उरलेलें नाहीं. विलंबाचें मात्र पूर्वीं होतें तेवढेंच आहे.

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदां आंत एक मऊ नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती दिसत नाहीं, तिच्यामुळें लघवीस थोडी घाई व कुशींत थोडें दुखणें होतें, आणि कांहीं दिवसांनीं संवय होऊन तिचा विसर पडतो. हा विसर फार महाग पडतो. महिनोन्महिने राहिलेल्या नळीवरच क्षारांचे थर चढतात, ती आंत अडकते, आणि एका खड्यासाठीं गेलेला मनुष्य दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेस सामोरा जातो. नळी कधीं काढावयाची ती तारीख इस्पितळांतून निघतांनाच लिहून घ्यावी, आणि घरच्या कालनिर्णयावर संकष्टीच्या तारखेशेजारीं तीही ठळक मांडावी. एकत्र कुटुंबाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

आतां आरंभीच्या 'गेलें' कडे वळतों. आमच्या परिचयाच्या एका घरांत चाळिशींतल्या एका गृहस्थांना डाव्या कुशींत कळ आली. सोनोग्राफींत मूत्रवाहिनींत ८ मिलिमीटरचा खडा व वर फुगलेलें मूत्रपिंड दिसलें. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या व तीन आठवड्यांनीं पुन्हां तपासणीस बोलाविलें. घरीं कोणी काढाही सुरू केला. दहा-बारा दिवसांत कळ थांबली. खडा पडलेला कोणी पाहिला नव्हता; पण दुखत नाहीं त्या अर्थीं तो पडला, असें सर्वानुमतें ठरलें, काढ्याची कीर्ति चार घरीं पसरली, आणि तपासणी राहून गेली. दोन वर्षांनीं दुसऱ्याच कारणासाठीं पोटाची सोनोग्राफी झाली, तेव्हां खडा होता तेथेंच होता आणि डावें मूत्रपिंड पाण्यानें भरलेल्या पातळ पिशवीसारखें झालेलें होतें. त्याचें काम जवळजवळ संपलें होतें. मनुष्य एका मूत्रपिंडावर सुखानें जगतो, तसे ते जगत आहेत. पण दुसरें वांचविणें त्या दोन महिन्यांत सहज हातांत होतें.

असें कां व्हावें? तुंबारा कायम राहिला म्हणजे कांहीं काळानें त्या मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह घटतो, मूत्र तयार होणें मंदावतें, दाब उतरतो, आणि दाब उतरला कीं कळ थांबते. म्हणजे कळ दोन कारणांनीं थांबूं शकते: वाट मोकळी झाल्यानें, किंवा मूत्रपिंडानें हात टेकल्यानें. रोग्याला दोन्ही वेळां सारखेंच बरें वाटतें. पूर्ण अडथळा पहिल्या एक-दोन आठवड्यांत दूर झाला तर मूत्रपिंड बहुधा सांवरतें. सहा-आठ आठवडे गेले तर तें पूर्ववत् होण्याची आशा थोडी. तेव्हां खडा डोळ्यांनीं पाहिला असो वा नसो, कळ थांबल्यावर पुन्हां एकदां सोनोग्राफी करून फुगवटा गेल्याची खात्री करून घेतल्याखेरीज हें दुखणें गेलें असें घरांत कोणी म्हणूं नये. तसेंच, मुळींच न दुखतां लघवींतून लाल रक्त गेलें तर तें कळेपेक्षांही अधिक मनावर घ्यावें. मूत्रमार्गांतील अर्बुद पुष्कळदां तेवढीच एक खूण दाखवितें.

काढ्याविषयीं विचारलें जाईलच. हुलग्यांचें कढण ज्याचीं मूत्रपिंडें निरोगी आहेत त्यानें घेतल्यास बिघडत नाहीं, आणि त्यांतलें पाणी तर उपयोगीच आहे. नांवगांव नसलेल्या पुड्या मात्र घेऊं नयेत. त्यांत कधीं कधीं शिसें-पाऱ्यासारखे धातू निघतात, आणि ते मूत्रपिंडाचेच शत्रू.

एकदां खडा झालेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हां होतो, म्हणून आहाराविषयीं दोन शब्द. दिवसाकांठीं अडीच लिटर लघवी होईल एवढें पाणी प्यावें. आपल्याकडच्या उन्हाळ्यांत त्यास तीन-साडेतीन लिटर सहज लागतें. मीठ कमी, म्हणजे लोणचें, पापड, सांडगे कमी. खडा चुन्याचा म्हणून दूध-दहीं बंद करण्याची चाल मात्र चुकीची आहे. इटलींत खड्याची खोड असलेल्या १२० पुरुषांवर पांच वर्षें प्रयोग करून २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दुधाचे पदार्थ नेहमींसारखे ठेवून मीठ व मांस कमी केलेल्यांत खडे पुन्हां होण्याचें प्रमाण, दूध तोडलेल्यांच्या जवळजवळ निम्मेंच राहिलें. अन्नांतला चुना आंतड्यांतच ऑक्झॅलिक आम्लास बांधून टाकतो, तें रक्तांत जाऊं देत नाहीं. पालक व अळू यांत हें आम्ल फार. तेव्हां आपल्या आज्या पालक ताकांत शिजवीत असत तें रसायनाच्या दृष्टीनेंही ठीकच होतें. टोमॅटोच्या बिया बिचाऱ्या निरपराध आहेत. लिंबाचें पाणी चांगलें, पण साखर-मिठाचा मारा न करतां.

निर्जळी एकादशी खडेवाल्यानें करूं नये. धर्मशास्त्रांत ज्या आठ गोष्टींनीं व्रतभंग होत नाहीं असें सांगितलें आहे, त्यांत पाणी, दूध आणि औषध हीं तिन्ही आहेत. तेव्हां घरांतील वृद्धांशीं यावरून वाद घालण्याचें कारण पडूं नये, त्यांना तें वचनच दाखवावें. आणि कळ शमून खडा पडण्याची वाट पाहत असतां लघवी बारीक गाळणींतून गाळावी. सांपडलेला खडा कागदांत बांधून डॉक्टरांकडे न्यावा. तो कॅल्शियमचा कीं युरिक आम्लाचा हें प्रयोगशाळेंत कळलें म्हणजे पुढचा आहार व औषध नेमकें ठरवितां येतें, आणि युरिक आम्लाचा असल्यास पुढचे खडे औषधानें विरघळवितांही येतात. गाळणी त्या कामापुरती वेगळी आणावी आणि तिला दोरा बांधून ठेवावा, म्हणजे ती चहाच्या भांड्याकडे जाणार नाहीं.